रक्त दुधासारखं पांढरं आलं म्हणजे काय? ट्रायग्लिसराइड आणि स्वादुपिंडाची सूज, तुमचे प्रश्न

स्वादुपिंडाला सूज आली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, दारू पितो का? पित्ताशयातले खडे आणि दारू ही दोन कारणं सगळ्यात जास्त दिसतात हे खरंय, पण त्यांच्या पाठोपाठचं तिसरं कारण म्हणजे रक्तात खूप वाढलेलं ट्रायग्लिसराइड, आणि त्याच्याबद्दल घरोघरी फारच कमी माहिती आहे. कोलेस्टेरॉलची भीती सगळ्यांना, ट्रायग्लिसराइडचा आकडा मात्र रिपोर्टच्या खालच्या ओळीत राहून जातो. म्हणून या वेळी याच विषयावरची पत्रं एकत्र घेतलीत. नावं काढलीत, गाव आणि अडचण तेवढी ठेवलीय. उत्तरात कुठे डोस आला असेल तर तो समजून घेण्यासाठी आहे, घरी वापरण्यासाठी नाही, हे आधीच सांगते.

प्रश्न : माझे मिस्टर ३८ वर्षांचे, यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. लग्नाचं जेवून आले आणि रात्री पोटात वरच्या बाजूला जोरात दुखायला लागलं, दुखणं पाठीत जात होतं, उलट्या पण. जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन घेतलं, सकाळपर्यंत थांबलो, मग सहन होईना म्हणून ॲडमिट केलं. लॅबवाला म्हणाला रक्त दुधासारखं आहे. ट्रायग्लिसराइड ३८४०, लायपेज खूप जास्त, आणि साखर ३४०. त्यांना शुगर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. आयसीयूत इन्सुलिनचं ड्रिप लावलं आणि त्याच्याबरोबर ग्लुकोजचं सलाइन. साखर वाढलेली असताना ग्लुकोज कशाला, आणि पोटदुखीला इन्सुलिन कशाला? पहिला दीड दिवस तोंडात काही दिलं नाही. आता घरी आलेत, बरे आहेत, पण सासूबाई म्हणतात उपचार चुकले. (इचलकरंजी)

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी उपचार बरोबरच झालेत, आणि सासूबाईंना नीट समजावून सांगता यावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण खाल्लेलं तेल-तूप आतड्यातून बारीक थेंबांच्या रूपात रक्तात येतं आणि लिव्हरही उरलेल्या साखरेपासून चरबी बनवून रक्तात सोडतं, ही चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड. उपाशीपोटी १५० च्या आत (आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात) असलं की ठीक. ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला धोका सुरू होतो आणि १००० च्या पुढे तो बराच वाढतो. रक्तातली ही चरबी फोडायला रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर एक एन्झाइम असतं, लायपोप्रोटीन लायपेज नावाचं, आणि त्याला कामाला लावण्यासाठी इन्सुलिन लागतं. तुमच्या मिस्टरांच्या शरीरात इन्सुलिन पुरेसं काम करत नव्हतं, बहुतेक बरेच महिने, म्हणून एकीकडे साखर वाढत होती आणि दुसरीकडे चरबी साठत होती, आणि लग्नाचं जेवण हे शेवटचं निमित्त झालं. एवढी चरबी स्वादुपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत पोचली की तिथलं पाचक एन्झाइम लायपेज, रिपोर्टमध्ये वाढलेलं दिसलं तेच, ती फोडतं, त्यातून मोकळी फॅटी ॲसिड निघतात आणि ती तिथल्याच पेशींना जाळतात. वर रक्त घट्ट झाल्यामुळे रक्तपुरवठाही नीट होत नाही. म्हणून ते दुखणं असं भयानक असतं.

तर इन्सुलिन दिलं ते साखरेसाठी होतंच, पण त्याहून जास्त त्या एन्झाइमला कामाला लावण्यासाठी. शिवाय शरीरातल्या साठ्यातून चरबी सुटून रक्तात येत असते, तेही इन्सुलिन थांबवतं. ड्रिपमध्ये साधारण तासाला किलोमागे ०.१ युनिटपासून सुरुवात करतात, गरजेप्रमाणे वाढवतात. आता एवढं इन्सुलिन चालू ठेवायचं तर साखर धोकादायक खाली जाईल ना, म्हणून साखर थोडी उतरली की सोबत ग्लुकोज जोडतात, म्हणजे इन्सुलिन बंद न करता साखर सांभाळता येते. तासातासाला बोटातून रक्त काढलं असेल ते याचसाठी, आणि पोटॅशियमही तपासतात कारण इन्सुलिनने ते खाली येतं. ट्रायग्लिसराइड ५०० च्या खाली आलं की ड्रिप बंद करतात.

तोंडाने काही न देण्याचंही कारण आहे. खाणं थांबलं की आतड्यातून नवी चरबी येणं थांबतं आणि नुसत्या एवढ्यानेसुद्धा आकडा एक-दोन दिवसांत निम्म्याहून खाली येऊ शकतो. पण उपास लांबवायचा नसतो. पूर्वी स्वादुपिंडाच्या पेशंटला आठ-आठ दिवस उपाशी ठेवायचे, ते आता करत नाहीत. उलट्या थांबल्या, भूक लागली की २४ ते ४८ तासांत मऊ, तेल नसलेलं खाणं सुरू करणं चांगलं, कारण आतडं रिकामं राहिलं की त्यातले जंतू रक्तात शिरायची भीती वाढते. खाता येतच नसेल तर नाकातून नळी टाकून देतात. शिरेतून पोषण देणं शेवटचा पर्याय, आणि या आजारात त्या पिशवीत चरबी नको, याकडे आयसीयूचे डॉक्टर लक्ष देतात.

सलाइनबद्दलही दोन शब्द, कारण बऱ्याच नातेवाइकांना वाटतं की जास्त बाटल्या म्हणजे जास्त उपचार. २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, वॉटरफॉल नावाचा, त्यात भारतातलेही पेशंट होते. स्वादुपिंडाच्या सुजेत भराभर भरपूर सलाइन द्यायचं की बेताने द्यायचं याची तुलना केली होती. भरपूर दिलेल्या गटात २०.५ टक्के लोकांच्या अंगात पाणी जास्त झालं, बेताच्या गटात ६.३ टक्के, आणि आजार काही लवकर बरा झाला नाही, म्हणून अभ्यास मधेच थांबवावा लागला. तेव्हापासून रिंगर लॅक्टेट नावाचं सलाइन बेताने, लघवी आणि रक्ताचे रिपोर्ट बघत बघत, असं चालतं. ६० किलोच्या माणसाला तासाला ९० मिलीच्या आसपास, आणि अंगातलं पाणी खरंच कमी असेल तर सुरुवातीला एक मोठा डोस. दुखण्यासाठी मात्र कंजूषी नको. चांगलं, जोरदार वेदनाशामक पहिल्या तासापासून मिळायला हवं, तो पेशंटचा हक्क आहे. ॲंटिबायोटिक मात्र इन्फेक्शनचा पुरावा असल्याशिवाय लागत नाही.

आता खरं काम पुढे आहे, ताई. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, बघून डायबेटीसचे उपचार नियमित सुरू झालेत ना? थायरॉइड, किडनी आणि लिव्हर तपासलंय ना? डिस्चार्ज कार्डवर ट्रायग्लिसराइड कमी करायची गोळी लिहिलीय ना? यातलं काही राहिलं असेल तर याच आठवड्यात जा. हॉस्पिटलात आकडा उतरवणं सोपं असतं, घरी तो खाली ठेवणं हे महिनोन्महिन्यांचं काम आहे, आणि तिकडे दुर्लक्ष झालं की माणूस परत त्याच बेडवर येतो.

प्रश्न : वडिलांना हाच आजार झाला, ट्रायग्लिसराइड २६००. एका हॉस्पिटलने सांगितलं लगेच प्लाझ्माफेरेसिस करा, रक्त मशीनने धुवायचं, खर्च खूप सांगितला. दुसऱ्यांनी गरज नाही म्हणून सांगितलं आणि इन्सुलिनवर ते बरे झाले. पण मनात राहिलंय की पैशांसाठी आम्ही वडिलांच्या जिवाशी खेळलो का. (नागपूर)

उत्तर : नाही खेळलात, हे मनातून काढून टाका.

प्लाझ्माफेरेसिसमध्ये मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून रक्त मशीनमधून फिरवतात, चरबीने भरलेला प्लाझ्मा काढून टाकतात आणि त्या जागी अल्ब्युमिन किंवा रक्तपेढीतला प्लाझ्मा देतात. दोन-तीन तासांच्या एका बैठकीत ट्रायग्लिसराइड निम्म्याहून जास्त खाली येऊ शकतं, हे खरंय, आणि आकडा इतका झटकन उतरताना बघून कुणालाही वाटेल की हाच सगळ्यात भारी उपचार. पण आकडा लवकर उतरल्यामुळे जीव जास्त वाचतात किंवा किडनी, फुप्फुसं लवकर सावरतात असं आतापर्यंतच्या अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. अमेरिकेतली ॲफेरेसिसची जी संस्था याबद्दल मार्गदर्शक सूचना काढते तीसुद्धा या आजारात त्याला तिसऱ्या गटात टाकते, म्हणजे सरसकट नाही, पेशंट बघून ठरवा. नळीमुळे इन्फेक्शन, रक्तस्राव, प्लाझ्माची ॲलर्जी हे धोकेही असतात.

मग कुणाला करायचं? ज्यांची अवस्था बिघडत चाललीय, रक्तातलं लॅक्टेट वाढतंय, कॅल्शियम खाली जातंय, श्वास किंवा किडनी साथ देत नाही, किंवा इन्सुलिन देऊनही आकडा हलत नाही, आणि कधीकधी गरोदर बाई. तिथे डॉक्टरांनी सुचवलं तर विचार जरूर करावा. तुमच्या वडिलांचं बीपी, श्वास, लघवी सगळं ठीक होतं असं तुम्ही पत्रात लिहिलंय, त्यांना इन्सुलिन आणि सलाइन पुरेसं होतं. कुणी असा खर्चिक उपचार सुचवला तर विचारायचं, माझ्या पेशंटचा कुठला अवयव धोक्यात आहे म्हणून हे करतोय? चांगला डॉक्टर याचं सरळ उत्तर देतो, रागावत नाही.

आणखी एक, काही ठिकाणी अजून हेपारिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषधही देतात. त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं ते चरबी फोडणारं एन्झाइम सुटून रक्तात येतं आणि आकडा पहिल्यांदा उतरतो, पण मग साठा संपतो आणि चरबी पुन्हा चढू शकते, शिवाय रक्तस्रावाची भीती, म्हणून फक्त ट्रायग्लिसराइडसाठी हेपारिन आता फारसं कुणी सुचवत नाही.

प्रश्न : मी ३१, आयटीत आहे. दारू नाही, सिगरेट नाही. स्वादुपिंडाला सूज आली, अमायलेज नॉर्मल आलं म्हणून आधी गॅस्ट्रायटिस म्हणाले, मग सीटी स्कॅनमध्ये सूज दिसली. सोनोग्राफीत खडे नाहीत. चौथ्या दिवशी लिपिड प्रोफाइल केलं, ट्रायग्लिसराइड ४२०. म्हणाले एवढ्याने होत नाही, कारण सापडलं नाही, आणि फाइलवर लिहिलं अल्कोहोल? असं प्रश्नचिन्ह टाकून. घरचे माझ्याकडे संशयाने बघतायत. (हिंजवडी, पुणे)

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं, कारण तुमचं कारण कदाचित पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

वर लिहिलंच आहे की खाणं थांबलं आणि सलाइन चालू झालं की ट्रायग्लिसराइड भराभर उतरतं. चौथ्या दिवशीचं ४२० हे पहिल्या दिवशी १५०० असू शकतं, जास्तही असू शकतं. म्हणून पोटात असं दुखत असलेल्या पेशंटचं ट्रायग्लिसराइड ॲडमिट होताना घेतलेल्या पहिल्या रक्तातच करायला हवं, उपाशीपोटी असण्याची वाट न बघता. आणि नसेल केलं तर लॅबकडे पहिल्या दिवसाचा सॅंपल शिल्लक असतो कधीकधी, लगेच विचारलं तर त्यातून करून देतात, आता तुमच्या बाबतीत वेळ निघून गेलीय पण बाकीच्या वाचकांनी लक्षात ठेवा. जुना कुठला हेल्थ चेकअपचा रिपोर्ट असेल, कंपनीत दरवर्षी करतात तो, तो शोधा, त्यात ट्रायग्लिसराइड किती होतं ते बघा.

अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं दुसरं पाचक एन्झाइम, त्याचाही आकडा असाच फसवतो. रक्त दुधाळ असलं की काही मशीनवर अमायलेज खोटं नॉर्मल येतं, सोडियमसुद्धा खोटं कमी येऊ शकतं. लॅबने सॅंपल पातळ करून पुन्हा केलं तर खरा आकडा निघतो. लायपेज त्यामानाने भरवशाचं. आजाराचं निदान तीनपैकी दोन गोष्टींवर होतं, तसं ठरावीक दुखणं, लायपेज किंवा अमायलेज नॉर्मलच्या तिपटीहून जास्त, आणि सीटी, एमआरआय किंवा सोनोग्राफीत सूज. तुमच्यात दुखणं आणि सीटी या दोन जुळल्या, म्हणजे निदान पक्कं.

आता काय करायचं, तर नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. सोबत साखर, थायरॉइडची टीएसएच, कॅल्शियम. कुठल्या गोळ्या चालू आहेत त्याची यादी करा, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन, स्टेरॉइड, मानसिक आजारावरच्या ओलॅन्झापिनसारख्या काही गोळ्या, बीपीसाठी थायाझाइड, बायकांमध्ये इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि ब्रेस्ट कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन, या सगळ्यांनी ट्रायग्लिसराइड वाढू शकतं. कोपरावर, ढुंगणावर बारीक पिवळसर पुळ्या येऊन गेल्या होत्या का तेही आठवा, त्या पिंपल्स नसून चरबीच्या असतात आणि खूप मोठा पुरावा असतात. सोनोग्राफी पुन्हा एकदा करायला हरकत नाही, सुजेच्या वेळी आतड्यातल्या गॅसमुळे बारीक खडे सुटू शकतात.

आणि घरच्यांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर, फाइलवरचं प्रश्नचिन्ह म्हणजे निकाल नव्हे. तो मुलगा खरं बोलतोय असं समजून चाला.

प्रश्न : आमच्याकडे नारळाशिवाय जेवण नाही. डॉक्टर म्हणाले फॅट कमी करा, पण किती कमी ते कुणी सांगत नाही. व्हॉट्सॲपवर येतं की खोबरेल तेलात एमसीटी असतं, ते ट्रायग्लिसराइडला चालतं. जवस खाल्लं की माशाचं तेल लागत नाही म्हणतात. खरं काय? यजमानांना स्वादुपिंडाच्या सुजेचा अटॅक येऊन दोन महिने झाले, आताचं ट्रायग्लिसराइड ७८०. (रत्नागिरी)

उत्तर : किती कमी, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलात याचा आनंद झाला.

७८० म्हणजे अजून धोक्याच्या रेषेच्या वर आहे. ५०० च्या खाली येईपर्यंत चरबी कुठलीही असो, ऑलिव्ह ऑइल असो, घरचं तूप असो, बदाम असो, सगळी मोजूनच. रोजच्या कॅलरीपैकी १५ टक्क्यांच्या आत चरबी धरली तर १८०० कॅलरीच्या जेवणात दिवसाला ३० ग्रॅम होतात, आणि यात भाजीच्या फोडणीपासून दुधाच्या सायीपर्यंत सगळं आलं. आता घरचा हिशोब करा. चार माणसांत महिन्याला चार लिटर तेल आणत असाल तर माणशी दिवसाला ३० ग्रॅम नुसत्या तेलातून गेले! एक छोटा चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम. मूठभर शेंगदाणे १४-१५ ग्रॅम. म्हशीच्या दुधाचा एक ग्लास १३ ग्रॅमच्या आसपास. ओलं खोबरं १०० ग्रॅम घेतलं तर त्यात ३० ग्रॅमहून जास्त चरबी, वाटप घातलेल्या आमटीत किती जातं ते तुम्हालाच जास्त माहीत. साबुदाण्याची खिचडी तर दोन्हीकडून मारते, दाण्याचं कूट आणि तूप चरबीचं, आणि साबुदाणा नुसता स्टार्च, त्यामुळे यजमानांचे उपासाचे दिवस सध्या बंद ठेवा किंवा ताक आणि थोड्या फळावर करा.

त्यांच्यासाठी तेल वेगळं काढून ठेवा, दिवसाचे दोन छोटे चमचे एका वाटीत, त्यातच त्यांचं सगळं. फोडणी नॉनस्टिकमध्ये, भाजी वाफेवर. नारळाच्या दुधाची सोलकढी बंद, त्याऐवजी फुटी कढी करा, कोकमचं पाणी, हिंग, मिरची, कोथिंबीर, तिलाही चव असतेच. मासा सोडायची गरज नाही, तळायचा नाही आणि वाटप नको. कोळंबी, बोंबील यात चरबी कमीच असते, तिखलं चालेल, तेल त्या वाटीतलंच. भाकरी, मूग, मटकी, कुळथाचं पिठलं, पालेभाज्या, साय काढलेलं ताक हे सगळं भरपूर. साखर, गूळ, फळांचा रस, कोल्ड्रिंक, आणि तुमच्याकडचं आंबापोळी, आमरस, हे मात्र जवळजवळ बंदच, कारण जास्तीच्या साखरेची लिव्हर चरबीच करतं. आंबा खायचाच असेल तर सीझनला एखादी फोड, रस नाही.

खोबरेल तेलाचा मेसेज चुकीचा आहे. खरं एमसीटी तेल म्हणजे आठ आणि दहा कार्बनची फॅटी ॲसिड, ती आतड्यातून सरळ लिव्हरला जातात, रक्तात चरबीचे थेंब बनवत नाहीत, म्हणून गंभीर पेशंटना डॉक्टर ते वेगळं विकत आणायला सांगतात. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक ॲसिड असतं, बारा कार्बनचं, आणि ते बरंचसं नेहमीच्या चरबीच्याच वाटेने जातं. म्हणजे बाटलीवर एमसीटी लिहिलेलं तेल वेगळं आणि आपलं खोबरेल वेगळं. जवसाचंही तसंच, त्यात ओमेगा थ्री असतं पण माशातलं नाही, शरीर त्यातलं थोडंसंच बदलून घेऊ शकतं, आणि जवसात ४० टक्के तेलच आहे. चटणीला चिमूटभर ठीक, औषध म्हणून नाही.

आणि दोन महिन्यांनी ७८० आहे तर नुसत्या जेवणावर अवलंबून राहू नका, औषधाबद्दल पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर मला फेनोफायब्रेट आणि रोसुवास्टॅटिन दिलं होतं. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड १९० आलं म्हणून मीच बंद केलं, आता परत ९०० आलंय. आयुष्यभर घ्यायचं का? मेडिकलमधून फिश ऑइलची कॅप्सूल आणलीय, ती रोज एक घेतो. साईड इफेक्टची भीती वाटते. (सोलापूर)

उत्तर : तुमच्या दोन रिपोर्टनीच उत्तर दिलंय, काका. १९० गोळीमुळे होतं, गोळी गेली आणि ९०० झालं. एकदा स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या माणसाने ही गोळी स्वतः बंद करणं फार धोक्याचं आहे, उद्याच डॉक्टरांकडे जा आणि परत सुरू करून घ्या. वजन खूप उतरलं, साखर ताब्यात आली, कारणीभूत औषध बंद झालं, तर डॉक्टर कमी करून बघतील, पण ते रिपोर्ट बघत बघत.

फेनोफायब्रेटने ट्रायग्लिसराइड साधारण ३० ते ५० टक्के उतरतं. स्टॅटिनने, म्हणजे तुमच्या रोसुवास्टॅटिनने, थोडंच उतरतं, पण ते हार्टसाठी आहे, या आजाराच्या बऱ्याच पेशंटना हार्टचाही धोका असतो म्हणून दोन्ही. दोघांच्या जोडीत स्नायू दुखू शकतात, दुखले किंवा लघवी काळपट झाली तर लगेच सांगायचं. फायब्रेटपैकी जेमफायब्रोझिल स्टॅटिनबरोबर टाळतात, फेनोफायब्रेट त्यामानाने सुरक्षित. किडनीचं क्रिएटिनिन आणि लिव्हरचे रिपोर्ट अधूनमधून, पित्ताशयात खडे असतील तर ते आधी सांगा.

कॅप्सूलचं म्हणाल तर दुकानात मिळणाऱ्या साध्या १००० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये उपयोगाचं ओमेगा थ्री, म्हणजे ईपीए आणि डीएचए मिळून बहुतेक वेळा ३०० मिग्रॅच असतं. ट्रायग्लिसराइडला जो डोस लागतो तो दिवसाला ३-४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे या कॅप्सूल दहा-बारा घ्याव्या लागतील. म्हणून एक कॅप्सूल घेऊन काही होत नाही, घ्यायचं तर डॉक्टरांनी लिहिलेलं जास्त ताकदीचं. डायबेटीस असेल तर सॅरोग्लिटाझार नावाची गोळी पण आहे, अहमदाबादच्या झायडसने शोधलेली, भारतात २०१३ मध्ये मंजूर झाली, साखर आणि ट्रायग्लिसराइड दोन्हींवर काम करते, तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा.

प्रश्न : फक्त शनिवारी दोन पेग. अटॅक ट्रायग्लिसराइडचा होता, दारूचा नव्हता. मग चालेल ना? (पनवेल)

उत्तर : नाही. दारूने लिव्हरमध्ये ट्रायग्लिसराइड तयार होणं वाढतं आणि ती स्वतःही स्वादुपिंडाला इजा करते. अटॅक येऊन गेलेल्यांसाठी सुरक्षित पेग असा नाही. सुटत नसेल तर लाज वाटू देऊ नका, त्यालाही उपचार आहेत, मानसोपचार तज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : मुलगी मेलबर्नला असते, सातवा महिना चालू आहे. तिकडचे डॉक्टर म्हणतात ट्रायग्लिसराइड १४ आहे आणि खूप काळजीत आहेत, तिला डाएटिशियनकडे पाठवलंय, सारखं बोलावतात. १४ म्हणजे तर अगदीच कमी ना? इथे आम्ही १५० च्या आत चांगलं असं ऐकतो. मी जाताना डिंकाचे लाडू घेऊन जाणार होते. (डोंबिवली)

उत्तर : ताई, ऑस्ट्रेलियात हे मिलिमोलमध्ये मोजतात. तिकडच्या आकड्याला ८८.५ ने गुणलं की आपला आकडा येतो. म्हणजे मुलीचं ट्रायग्लिसराइड जवळजवळ १२४० आहे. डॉक्टरांची काळजी अगदी रास्त आहे.

गरोदरपणात हार्मोन्समुळे ट्रायग्लिसराइड सगळ्यांचंच दुप्पट-तिप्पट होतं, शेवटच्या तिमाहीत सगळ्यात जास्त. जिचं मुळातच थोडं जास्त असतं किंवा डायबेटीस असतो तिचं मग असं वर जातं आणि स्वादुपिंडाला सूज आली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. सध्या चरबी अगदी कमी असलेलं जेवण, साखर ताब्यात, गरजेप्रमाणे ओमेगा थ्री आणि इन्सुलिन, आणि तरी चढलं तर प्लाझ्माफेरेसिसचाही विचार करतात. फायब्रेट सुरुवातीच्या महिन्यांत टाळतात, नंतर द्यायचं की नाही ते तिचे डॉक्टर ठरवतील. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आकडा बराच उतरतो. पुढे गर्भनिरोधनासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या तिने घ्यायच्या नाहीत, हे आत्ताच लिहून ठेवा.

तिला एवढं सांगा की पोटात वरच्या बाजूला दुखलं, पाठीत गेलं, उलट्या झाल्या तर गॅस समजून थांबायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल. आणि लाडू नका नेऊ. तूप, खोबरं, सुकामेवा, गूळ, तिच्यासाठी यातलं काहीच सध्या चालणार नाही, बाळंतपणानंतरसुद्धा रिपोर्ट बघूनच. तुम्ही तिथे जाऊन तिला गरम भाकरी, मुगाचं वरण, बिनतेलाच्या भाज्या करून घातल्या तर ती खरी मदत होईल.

प्रश्न : आमचं बाळ पाच महिन्यांचं. सारखं रडायचं म्हणून रक्त तपासलं तर रक्त पांढरं, ट्रायग्लिसराइड ५००० च्या वर. आमचं लग्न नात्यात, मामाच्या मुलीशी. डॉक्टर म्हणाले जेनेटिक टेस्ट करू. औषध आहे का? (लातूर)

उत्तर : हा बहुधा वेगळा आजार असावा, ज्यात ते चरबी फोडणारं एन्झाइम जन्मापासूनच काम करत नाही. फॅमिलियल कायलोमायक्रोनेमिया म्हणतात त्याला, दहा लाखांत एखाद-दोघांना होतो. आई आणि वडील दोघांकडून एक-एक बिघडलेलं जीन आलं तरच होतो, नात्यातल्या लग्नात तसं होण्याची शक्यता वाढते, यात तुम्हा दोघांचा काही दोष नाही. जेनेटिक टेस्ट जरूर करा कारण पुढच्या प्रत्येक बाळाला हाच आजार व्हायची शक्यता चारात एक असते आणि ते आधी माहीत असलेलं बरं.

या आजारात फायब्रेट आणि ओमेगा थ्रीचा फारसा उपयोग होत नाही, कारण ज्या एन्झाइमच्या मदतीने ती काम करतात तेच नाही. उपचार म्हणजे चरबी अगदी कमी, बाळाला एमसीटी असलेलं खास फॉर्म्युला दूध, आणि आवश्यक फॅटी ॲसिड आणि ए, डी, ई, के जीवनसत्त्वं कमी पडू नयेत म्हणून मोजून. आईचं दूध किती आणि कसं ठेवायचं हे मेटाबॉलिक आजार बघणाऱ्या बालरोग तज्ज्ञांनीच ठरवायला हवं, मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात ते भेटतील, लवकर जा. घरी अंदाजाने काही बदलू नका, बाळाच्या मेंदूच्या वाढीला थोडी चरबी लागतेच.

औषधांचं म्हणाल तर युरोपात २०१२ मध्ये यावर जीन थेरपी मंजूर झाली होती, पण इतकी महाग की घेणारे जवळजवळ मिळालेच नाहीत आणि २०१७ मध्ये बंद झाली. नंतर लिव्हरमध्ये एपीओसी थ्री नावाचं प्रोटीन बनू न देणारी इंजेक्शनं आली, युरोपात २०१९ मध्ये व्होलॅनेसोर्सेन, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ओलेझार्सेन, महिन्यातून एकदा घ्यायचं. ही मंजुरी सध्या मोठ्यांसाठी आहे, बाळासाठी नाही. पण तुमचं बाळ मोठं होईपर्यंत हे चित्र बरंच बदललेलं असेल अशी मला खरंच आशा आहे, तोपर्यंत आहार सांभाळून त्याला एकही अटॅक येऊ न देणं हे आपलं काम.

प्रश्न : अटॅकनंतर सहा आठवड्यांनी सोनोग्राफीत स्वादुपिंडाजवळ ६ सेंमीची पाण्याची गाठ दिसली. काही त्रास नाही. ऑपरेशन करायचं का? (जळगाव)

उत्तर : त्रास नसेल तर बहुतेक वेळा नाही. याला स्यूडोसिस्ट म्हणतात, कॅन्सरची गाठ नव्हे, आणि नुसत्या आकारावरून ती काढत नाहीत. बऱ्याच आपोआप जिरतात. काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी, आणि आत नुसतं पाणी आहे की मेलेला भागही आहे हे बघायला एखादा एमआरआय. ताप, वाढतं दुखणं, जेवलं की उलटी, कावीळ, काळी शौच यातलं काही झालं तर लगेच पोटाच्या तज्ज्ञांकडे, आता बहुतेक वेळा पोट न उघडता दुर्बिणीतूनच ती जठरात मोकळी करता येते. साखर मात्र दर तीन महिन्यांनी बघत राहा, स्वादुपिंडाला इजा झाल्यावर नव्याने डायबेटीस होऊ शकतो, आणि शौचाला तेलकट, तरंगणारी होत असेल, वजन उतरत असेल तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतील, तेही डॉक्टरांना सांगा.